पांढऱ्या वायरीची धास्ती

जेवणं उरकली की अभय ओव्हाळ वरच्या खोलीत आडवा व्हायचा. त्याचं घोरणं एका लयीत सुरू झालं, की त्याची बायको शैला चपला हातात घेऊन लोखंडी जिना उतरायची, खालच्या गाळ्याचं मागचं दार अलगद लोटायची आणि नवऱ्याने सकाळभर खपून दुरुस्त केलेलं इंजिन उघडून तपासायची. स्वतःच्याच दुकानात, चोरासारखी. मीटरची पिन वायरला लागली की तो टूंऽ करून वाजायचा. तो आवाज वर जाऊ नये म्हणून ती मीटर पदरात गुंडाळून धरायची आणि एक कान कायम जिन्याकडे ठेवायची.

गाळा शनिवार पेठेतून नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात होता. पाटीवर लिहिलं होतं, ‘ओव्हाळ, आउटबोर्ड इंजिन दुरुस्ती’. बोटीच्या पाठीला लटकवतात ती इंजिनं. पाटी वाचून येणारा-जाणारा थबकायचा आणि एखादा विचारायचाच, “समुद्र कुठल्या पेठेत निघालाय म्हणे?” अभय मान वर न करता सांगायचा, “घरी नळाला पाणी कुठून येतं ते बघून या. मग बोलू.” आणि खरंच, धरणांवर मासेमारी करणारे, तलावातली जलपर्णी काढणारे, नौकानयनाचे क्लब, पुराच्या वेळी धावणारी मंडळं, अशा सगळ्यांकडे जुनी टू-स्ट्रोक इंजिनं होती आणि त्यांचे सुटे भाग बाजारातून कधीच नाहीसे झाले होते. मग एकाचं काढून दुसऱ्याला बसवायचं, दुसऱ्याचं तिसऱ्याला. अभयचा धंदा तोच.

हे काम त्याच्याकडे वडिलांकडून आलं होतं. पोपटराव ओव्हाळ दापोडीला लष्कराच्या बोटींच्या वर्कशॉपात फिटर होते. अभयही तिथेच चिकटला आणि निवृत्त होऊन त्याने हा गाळा घेतला. शैला मांजरी गावची. लग्नाआधी ती भोसरीच्या एका लहान कारखान्यात कॉइल गुंडाळायची. बघायला आले तेव्हा पोपटरावांनी स्वयंपाकाचं काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, “गुंडाळताना तार तुटली तर गाठ मारतेस का?”

“न्हाई. डाग देते,” शैला खाली मान घालून म्हणाली होती. “गाठीवर इस्वास न्हाई माझा.”

पोपटराव उठून उभे राहिले आणि म्हणाले, “चला, ठरलं.” विहारात लग्न लागलं. पुढे चैताली झाली, शिकली, लग्न होऊन नाशिकला गेली. शैलाची मांजरीची बोली शहरात राहून राहून पुसली गेली, पण तार हातात आली की तिची बोटं अजून तशीच चालायची. गाळा सुरू झाल्यापासून ती अभयच्या शेजारच्या स्टुलावर बसू लागली. जळलेल्या कॉइल तिच्याकडे आणि बाकी सगळं त्याच्याकडे.

अभयच्या आईचं, सरुबाईंचं शेवटचं आजारपण शैलानेच काढलं होतं. आजारपण म्हणजे ताप नाही, दुखणं नाही. सासूबाई दापोडीच्या घराच्या पायरीवर बसून राहायच्या आणि आतबाहेर करणाऱ्या प्रत्येकाला विचारायच्या, “हे घर कुणाचं हाय, बाई?” शेवटी शेवटी अभयलाही विचारायला लागल्या. त्या दिवशी अभय मोरीत जाऊन नळ सोडून बराच वेळ उभा होता. बाहेर आल्यावर म्हणाला, “मला काहीही होऊ दे, शैला. हे नको.”

म्हणूनच गेल्या उन्हाळ्यात अभय एका इंजिनापाशी येऊन “हे कुणाचं आलंय?” असं म्हणाला, तेव्हा शैलाने हातातली कॉइल खाली ठेवली. ते इंजिन त्याने स्वतः आदल्या दिवशी उघडून बंद केलं होतं.

“पानशेतचं,” ती म्हणाली.

“हां हां. पानशेतचं,” तो म्हणाला आणि हसला. तेही हसण्याचं काही नसताना.

मग एकदा तो वायरी आणायला बुधवार पेठेत गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. म्हणाला, दुकान बंद होतं. दुकान उघडं होतं, शैलाने फोन करून विचारलं. पुढे एकदा चहा घेता घेता त्याला ‘कार्बोरेटर’ हा शब्दच सापडेना. “ते… हवा-पेट्रोलचं,” असं म्हणत तो चिडला आणि कप आपटून उठला. शैलाने फरशी पुसली.

त्याच आठवड्यात तिला पहिली वायर सापडली.

एका इंजिनाचा सीडीआय, म्हणजे ठिणगीची वेळ सांभाळणारी काळी डबी, दुसऱ्या इंजिनाला बसवायची हे अभयचं रोजचं काम. डब्या दिसायला सारख्या, पण वर्ष बदललं की वायरींचे रंग बदलतात आणि जोड जुळत नाहीत. मग जुना जोड कापून एकेक वायर ओळखून हाताने जोडावी लागते. त्यातली एक वायर इंजिन बंद करण्याची. बोट चालवणारा मनगटाला एक लाल दोरी बांधतो, तिचं दुसरं टोक इंजिनावरच्या बटणात अडकवलेलं असतं. माणूस तोल जाऊन पाण्यात पडला तर दोरी उपटली जाते आणि इंजिन तिथल्या तिथे बंद पडतं. फिरता पंखा त्याच्या अंगावर येऊ नये म्हणून ही सोय. ही सगळी सोय त्या एका वायरीवर अवलंबून. ती जोडायची राहिली, तरी इंजिन छान सुरू होतं आणि छान चालतं. फक्त थांबत नाही.

त्या दुपारी शैला सहज म्हणून खाली आली होती. झाकण उघडं होतं आणि आत पांढऱ्या वायरीचं टोक नुसतं लोंबत होतं. आधी तिला वाटलं, काम अर्धवट असेल. पण इंजिनाला ‘तयार’ म्हणून चिठ्ठी लटकवलेली होती. मग तिने ती वायर जोडली, स्लीव्ह चढवली, झाकण लावलं आणि वर जाऊन अभयच्या शेजारी पडली.

तेव्हापासून ती रोज तपासू लागली. बहुतेक वेळा सगळं नीट असायचं आणि तिला स्वतःचीच लाज वाटायची. मग कधीतरी पुन्हा एखादा जोड सैल निघायचा, एखादी वायर भलतीकडेच लावलेली असायची. ती निमूट सुधारायची. अभयला सांगणं तिच्याने होईना. सांगायचं म्हणजे सरुबाईंचं नाव घ्यायचं. आणि चैतालीचा फोन आला की, “बाबा मजेत,” एवढंच.

पावसाळ्यात बद्रीनाथ एक निळं इंजिन घेऊन आला. बद्रीनाथ म्हणजे सिंहगड रस्त्याच्या बाजूला नदीकाठी पूर आला की बोट घेऊन उतरणाऱ्या मंडळाचा म्होरक्या. पन्नाशीचा, दणदणीत आवाजाचा. निळ्या इंजिनाचा सीडीआय जळला होता. गाळ्यात एक करडं इंजिन बरेच दिवस पडून होतं, त्याचे गिअर गेलेले, पण डबी शाबूत. अभयने ती करड्यातली डबी निळ्याला बसवायला घेतली. निळ्याची बंद करायची वायर पांढरी होती, करड्याच्या डबीची तपकिरी. शैलाने ते स्टुलावरून पाहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पाऊस कोसळत होता आणि धरणातून पाणी सोडल्याच्या बातम्या मोबाइलवर येत होत्या. थिंबलं संपत आली होती. वायरच्या टोकाला बसवायची ती पितळी टोपणं. छत्री घेऊन शैला बुधवार पेठेत गेली. जाताना तिने डोकावलं, तर अभय निळ्या इंजिनावर वाकलेला होता. दुपारी तपासू, असं तिने मनाशी म्हटलं.

परत आली तेव्हा गाळ्यातली ती जागा रिकामी होती. पाण्याचा ड्रम अजून डुचमळत होता आणि हवेत पेट्रोलचा निळसर धूर होता.

“निळं कुठंय?”

“बद्रीनाथ घेऊन गेला ना. नदीकाठच्या सोसायट्यांत पाणी घुसलंय, माणसं अडकलीत. टेम्पो घेऊनच आला होता.” अभय हात पुसत होता. खूश होता. “एका झटक्यात लागलं बघ.”

“आणि बंद?”

“काय बंद?”

“बंद करून बघितलंत ना? दोरी ओढून?”

अभयचा फडका थांबला. “पाइप काढून कोरडं केलं की. नेहमीसारखं.”

नेहमी तो आधी दोरी ओढून बघायचा, मग पुन्हा सुरू करून पेट्रोलचा पाइप काढायचा आणि कार्बोरेटर रिकामा होऊन इंजिन आपोआप विझेपर्यंत थांबायचा. दोरीचं तो बोलला नाही. शैलाने पुन्हा विचारलं नाही. त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं आणि ते तिला बघवेना.

वर्कबेंचखाली तिला कापलेल्या वायरींचे तुकडे दिसले. काळा, लाल, पिवळा. पांढरा तुकडा नव्हता. याचा अर्थ पांढरी वायर कापलीच नव्हती, की तुकडा कुठे सरपटत गेला होता? ती गुडघ्यांवर बसून शोधू लागली.

“काय पडलं?” अभयने विचारलं.

“थिंबल,” ती म्हणाली.

फोन तिच्या हातात होता. बद्रीनाथचा नंबर काढलाही. पण काय सांगायचं? माझ्या नवऱ्याच्या कामाचा भरवसा नाही? हे एकदा तोंडातून गेलं की मंडळात, क्लबात, धरणावर, सगळीकडे पसरणार. उद्यापासून लोक अभयकडे कसे बघतील ते तिला आत्ताच दिसत होतं. आणि कदाचित वायर जोडलेलीही असेल. बऱ्याच वेळा जोडलेली असतेच की. तिने फोन पिशवीत टाकला. जिन्याच्या पायरीवर टेकली. पावसाची धार पत्र्यावरून बोळात पडत होती. तिच्या डोळ्यांसमोर पंखा आला. पितळी, तीन पात्यांचा, पाण्याखाली न दिसणारा. आणि पाण्यात कोण? कुणाचं तरी पोर असेल, म्हातारं असेल. ती उठली आणि बोळातच फोन लावला. उचलत नव्हतं कुणी. पुन्हा लावला. मग स्विच ऑफ.

“अहो, मी जरा जाऊन येते,” ती गाळ्याकडे तोंड करून ओरडली आणि उत्तराची वाट न बघता टूलकिटची लहान पिशवी उचलून निघाली.

रिक्षा मिळेना. शेवटी एक रिक्षावाला थांबला, तो म्हणाला, “सिंहगड रोड? पोहायला येतं का, मावशी?” तरी बसवलं त्याने. नदीपात्रातला रस्ता बंद होता, पुलांवर बघ्यांची गर्दी. लकडी पुलाजवळून जाताना तिने खाली पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. एरवी गवत आणि डबकी असायची तिथे या काठापासून त्या काठापर्यंत नुसतं तपकिरी पाणी धावत होतं आणि त्यातून एक हातगाडी उलटी होऊन वाहत चालली होती. शैला इतकी वर्षं बोटींच्या इंजिनांत राहिली, पण बोटीत ती कधी बसली नव्हती. पाण्याची तिला लहानपणापासून भीती. वाटेत ती पुन:पुन्हा फोन लावत होती आणि प्रत्येक वेळी तीच बाई तेच सांगत होती. सिग्नलला रिक्षा थांबली की तिला वाटे, आता पडला असेल कुणीतरी. आत्ता. या क्षणी.

जिथून पुढे रिक्षा जाईना तिथून ती पाण्यातून चालत गेली. आधी घोटे, मग पोटऱ्या. सोसायटीकडे जाणाऱ्या उताराच्या तोंडाशी दोर बांधला होता. तिथे बद्रीनाथ रेनकोटात उभा होता, कर्णा हातात.

“वहिनी? तुम्ही इथं कशाला?”

“बोट कुठंय?”

“आत गेलीय. तिसरी खेप. अहो, झकास चाललंय इंजिन! दादांना सांगा—”

“बद्रीनाथ, दोरी ओढून बघितलीत का? बंद होतंय का?”

“बंद कशाला करायचं? पाण्यात उतरवल्यापासून चालूच आहे.” तो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू मावळलं. “का? काय झालं?”

तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला. दोन इमारतींच्या मधून नारिंगी बोट बाहेर येत होती. पुढे मंडळाचा एक जण दोर धरून बसलेला, मध्ये एक आजीबाई, एक बाई आणि तिच्या कडेवर पोर, मागे इंजिनाच्या दांड्यावर भैरू. भैरू भोई आळीतला, पट्टीचा पोहणारा, बद्रीनाथचा उजवा हात. त्याच्या मनगटाला लाल दोरी होती. शैलाला एवढ्या लांबूनही ती दिसली.

“त्यांना हळू यायला सांगा,” ती म्हणाली. “सावकाश. उभं राहू नका म्हणावं.”

बद्रीनाथने कर्णा तोंडाला लावला. त्याच वेळी बोट फाटकापाशी पाण्याखाली बुडालेल्या कशाला तरी धडकली. दुचाकी असेल, भिंत असेल. बोटीचं तोंड उचललं गेलं, आजीबाई किंचाळल्या आणि भैरू मागच्या मागे पाण्यात गेला.

इंजिन चालूच राहिलं.

शैलाने ते पाहिलं. दोरी उपटली गेलेली, भैरूच्या हाताला लटकलेली, आणि इंजिन तसंच चालू. दांडा सुटला तसा आपोआप एका बाजूला वळला आणि बोट जागच्या जागी फिरू लागली. भैरूचं डोकं वर आलं. बोटीची मागची बाजू त्याच्याकडे येत होती. बद्रीनाथ कर्ण्यात नुसतंच “भैरू! भैरू!” ओरडत होता. भैरूने पाण्यातच अंग वळवलं, फाटकाच्या लोखंडी गजांना हात घातला आणि पाय पोटाशी घेऊन स्वतःला वर खेचलं. पंखा त्याच्या खालून गेला. गजाला लागून खणखणला. बोट भिंतीला घासत गेली आणि पुढे बसलेला माणूस आजीबाईंच्या अंगावरून सरपटत मागे पोचला, त्याने दांडा धरला, वेग उतरवला, गिअर काढला. इंजिन तिथेच फटफटत राहिलं. बटण दाबलं तरी बंद होईना. शेवटी त्याने पेट्रोलचा पाइप उपटला आणि बऱ्याच वेळाने ते विझलं.

बोट दोराने ओढून काठाला आणली. पोर रडत होतं. भैरू पाण्यातून चालत आला, धापा टाकत. त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. त्याने मनगटावरची लाल दोरी वर धरली, तिच्याकडे पाहिलं, मग बद्रीनाथकडे.

“ही शोभेला बांधलीय का?”

बद्रीनाथने शैलाकडे पाहिलं. शैलाला जाणवलं, की इथे अजून एक दार उघडं आहे. करड्या इंजिनाची डबीच खराब होती म्हणावं, पुराच्या पाण्याने जोड गेला म्हणावं.

“वायर जोडायची राहिली,” ती म्हणाली. “आमच्याकडून. मला शंका आली होती. मी लगेच फोन करायला हवा होता, तो केला नाही. उशिरा केला.”

“शंका आली होती?” भैरू म्हणाला. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. “वा. आणि आम्ही इथं पोहत होतो.”

“भैरू, आत अजून माणसं आहेत,” बद्रीनाथ म्हणाला. “दुसरी बोट यायला वेळ आहे. वहिनी, होईल का?”

तिने मान डोलावली. झाकण उघडलं. एकाने तिच्यावर छत्री धरली. पांढरी वायर मुळापासून तशीच होती, न कापलेली, तिच्या जुन्या जोडात टोक घालून. डबीच्या तपकिरी वायरीचं टोक टेपने नीट गुंडाळून बाजूला बांधलेलं. इतकं नीटनेटकं बांधलेलं, की पाहून तिला रडू आलं. विसरून गडबडीत राहिलेलं नव्हतं ते. अभयने काळजीपूर्वक, मन लावून, चुकीचं केलं होतं. तिने पांढरी वायर कापली, सोलली, पिशवीतलं थिंबल दाबून बसवलं आणि तपकिरीशी जोडली. हात ओले आणि गारठलेले. एकदा थिंबल निसटून पाण्यात पडलं. दुसरं घेतलं.

इंजिन सुरू केलं. तिने दोरी ओढली. बंद. पुन्हा सुरू केलं, पुन्हा ओढली. बंद. भैरूने तिच्या हातातून दोरी घेतली आणि स्वतः ओढून बघितली. मग तो बोटीत बसला आणि समोरच्या फळीकडे बोट दाखवून म्हणाला, “बसा, काकू.”

“मी?”

“इंजिनावर भरवसा आहे ना? मग बसा.”

बद्रीनाथ काही बोलणार होता, पण शैलाने पदर खोचला आणि ती बसली. फळी घट्ट धरून, डोळे मिटून. बोट हलली तशी तिच्या तोंडून बाबासाहेबांचं नाव निघालं. डोळे उघडले तेव्हा दोन्ही बाजूंनी इमारती होत्या आणि बाल्कन्यांतून माणसं हात करत होती. पाण्यावर गाद्या, चपला, सिलिंडर तरंगत होते. एका पहिल्या मजल्यावरून म्हातारे गृहस्थ खाली उतरवले गेले. त्यांना धरायला हात पुढे करताना शैलाची फळीवरची पकड सुटली, आणि ती सुटलीय हे तिच्या नंतर लक्षात आलं. परत येताना भैरू एवढंच म्हणाला, “इंजिन चांगलंय. बिघडलंय ते कुठं, ते बघा.”

घरी पोचली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. अभय गाळ्यातच होता, स्टुलावर, तिच्या जागेवर. समोर करड्या इंजिनाचा उघडा सांगाडा.

“पांढरी राहिली होती ना?” त्याने विचारलं.

ती दारात उभी राहिली. साडीतून पाणी निथळत होतं.

“तू गेल्यावर मी इथं बसून आठवत होतो. हात आठवतात मला. काय केलं हातांनी ते आठवतं. पांढरी कापल्याचं आठवेना.” तो थांबला. “कुणाला लागलं?”

“नाही.”

“खरं सांग.”

“भैरू पडला होता. वाचला.”

अभयने दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. मग म्हणाला, “तू दुपारी खाली येतेस, ते मला माहितीय.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून असेल. जिना वाजतो, शैला. मी जागा असतो. घोरतो, कारण घोरलो नाही तर तू जात नाहीस.” तो कसनुसा हसला. “तू मागून बघतेस म्हणून तर मी कामं घेत होतो. वाटायचं, चुकलो तरी ती आहे. आज तू बाजारात गेली होतीस, हे मला… ते माझ्या ध्यानातच राहिलं नाही गं. टेम्पो आला आणि मी देऊन टाकलं.”

“मला बोलला का नाहीत?”

“तू का नाही बोललीस?”

दोघांनाही उत्तर माहीत होतं आणि ते दापोडीच्या पायरीवर बसलेलं होतं. शैलाने शटर अर्धं खाली ओढलं, त्याच्या समोर उकिडवी बसली आणि त्याचे हात धरले. ते गार होते.

“मला फार भीती वाटते, शैला,” तो म्हणाला. एवढ्या वर्षांत ते वाक्य तिने त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. “इंजिनाची नाही.”

“मलाही वाटते,” ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ती त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. तपासण्या झाल्या, डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर तरुण होते, हळू बोलत होते. सुरुवात आहे म्हणाले. गोळ्यांनी थांबणार नाही, पण जरा सावकाश होईल. अभय सगळं ऐकून म्हणाला, “म्हणजे दोरी नाही याला.” डॉक्टरांना कळलं नाही. शैलाने खाली पाहिलं. त्याच संध्याकाळी तिने चैतालीला खरं सांगितलं. चैताली म्हणाली, “मी शनिवारी येते.”

गाळा बंद केला नाही. शैलाने गिऱ्हाइकांना एकेक करून स्वतः फोन केला आणि सांगितलं, की यापुढे काम तिच्या हातचं असेल. क्लबवाल्यांनी इंजिनं नेली, गोड बोलून. पानशेतचे राहिले. भैरू महिनाभर फिरकला नाही, मग एका सकाळी कॉइल घेऊन आला आणि स्टुलावर बसून काम संपेपर्यंत तिच्या हातांकडे बघत राहिला. “विश्वास आहे,” म्हणाला, “पण बघतो.” “बघा,” शैला म्हणाली.

अभय शेजारी बसतो. काही दिवस त्याला सगळं आठवतं. कुठल्या सालच्या डबीला कोणता रंग, कोणत्या फ्लायव्हीलला कोणती खाच, तो भराभरा सांगत जातो आणि शैला ते डोक्यात साठवत राहते. घाईने. नळ जाणार असं कळल्यावर बाई हंडे भरते, तसं. काही दिवस तो नुसता पाना हातात घेऊन बसतो.

दुपारी आता ती खाली जात नाही. त्याच्या शेजारी आडवी होते आणि जागी राहते. तो खरंच झोपलाय की नाही, ते तिला अजूनही ओळखता येत नाही.

परवा तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा अंथरूण रिकामं होतं. ती अनवाणी जिना उतरली. बोळात अभय शटरची मूठ दोन्ही हातांनी धरून उभा होता. शटर अर्ध्यावर होतं.

“शैला,” तो मागे न बघता म्हणाला, “मी हे उघडत होतो का लावत होतो?”

रस्त्यावरून एक मुलगी फोनवर बोलत गेली. समोरच्या घरात कुणीतरी कुकर लावला होता.

“उघडत होतात,” शैला म्हणाली. तिला माहीत नव्हतं. तिने त्याच्या शेजारी मूठ धरली आणि दोघांनी मिळून शटर वर ढकललं.